काकूंच्या राहण्याचा पुरावा

घरातली खोली पाहुण्यांना चार-आठ दिवस भाड्याने देता येईल, मात्र मालकाने त्याच घरात राहिलं पाहिजे, असा पालिकेचा नवा नियम निघाला. शिवणकाम करणाऱ्या काकूंना तो खास आपल्यासाठीच काढल्यासारखा वाटला. डोळे थकले होते. खोली देण्याचा परवाना मिळाला नाही तर घर विकून लेकीच्या संसारात जाऊन पडायचं, एवढंच हाती उरलं होतं. मिळाला, तर मात्र राणीच! काकूंचा पाय जमिनीवर ठरेना.

काकूंनी अर्ज केला, आणि पालिकेच्या तपासणीच्या दिवशी लेक उजाडताच हजर झाली. "आई, घर कसं हॉटेलसारखं दिसलं पाहिजे!" दोघी झपाटल्यासारख्या कामाला लागल्या. काकूंचे कपडे, औषधं, शिवणाचं मशीन, कपबशा, सगळं गाडीत घालून लेकीच्या घरी रवाना झालं. घर इतकं चकाचक झालं की काकू आत शिरताना बिचकू लागल्या.

तपासनीस आला. त्याने खिडक्या उघडून पाहिल्या, जिन्याचा कठडा हलवून पाहिला. सगळं पसंत. मग काकूंच्या खोलीतलं कपाट उघडलं. रिकामं! न्हाणीघरात दात घासायचा ब्रशसुद्धा नाही.

"काकू, तुम्ही राहता कुठे?"

"इथेच की!"

"इथे तर कुणीच राहत नाही."

काकूंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने छताकडे. सामान लेकीकडे आधीच पोचलं होतं. आता मागोमाग आपणही.

तेवढ्यात शेजारचे निवृत्त कारकून तणतणत आत घुसले. "माझी हरकत आहे! या वहिनी पहाटेपासून मशीन चालवतात. खडखड, खडखड! वरून रेडिओ. आता त्यात पाहुण्यांची भर?"

तपासनीसाने कान टवकारले. "रोज?"

"रोज म्हणजे रोज! रविवारीसुद्धा."

"कधी बाहेरगावी जातात?"

"जातील तर शपथ! आम्ही आशेवर आहोत."

"हे सगळं लिहून सही कराल?"

"दहा करतो!"

त्यांनी झोकात सही ठोकली. तपासनीसाने ती हरकत अर्जाला 'राहण्याचा पुरावा' म्हणून जोडून घेतली आणि परवाना काकूंच्या हातात दिला. काकूंनी लेकीला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला.

कारकुनांच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत काकूंनी गॅसवर आधण ठेवलंही होतं.

"भाऊजी, चहा घेऊनच जायचं हं!" काकू फुलून म्हणाल्या. "फक्त कप तेवढे तुमच्याकडचे आणा."

आणि भाऊजी, हुकूम पाळायच्या जुन्या सवयीने, आणायला गेलेदेखील.