पस्तीस वॉट

बाबांचं फुप्फुसांचं दुखणं बळावलं तेव्हा मी प्रोसेसर निवडत होतो. असं लिहिलं की मी बेफिकीर वाटतो. वाटू दे. त्या महिन्यांत मला मुळी काही वाटतच नव्हतं, आणि काही वाटेनासं झालं की माणूस कसला तरी चाळा शोधतो.

लालबागच्या आमच्या खोलीत आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. मी घरूनच पाठ्यपुस्तकांची पानं लावायचं काम करतो. त्यासाठीचा जुना कॉम्प्युटर म्हणजे एक धूडच होतं, बाबांच्या खाटेशेजारी उभं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऑक्सिजनचं मशीन भाड्याने घरी आलं आणि त्याच जागेवर हक्क सांगू लागलं. मशीनला भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवावं लागतं. मग कॉम्प्युटर दाराशी गेला आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळू लागला.

जागेचं निभावलं असतं, विजेचं निभावेना. चाळीतलं वायरिंग जुनं. एका सकाळी मी एका पुस्तकाची फाइल छपाईसाठी काढत होतो, फ्रीज चालू होता, आणि आईने खोबऱ्याच्या वाटपासाठी मिक्सर लावला. फ्यूज उडाला. ऑक्सिजनचं मशीन कर्कश शिटी वाजवत बंद पडलं. बाबा खाटेची कड धरून उठून बसले, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. शेजारच्यांनी धावत येऊन फ्यूजला तार घालेपर्यंत आई त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होती. वाऱ्याने काय होणार होतं? पण ती काहीतरी करत तरी होती. मी नुसता उभा होतो.

त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. मी कॉम्प्युटरकडे वळलो की आई म्हणायची, "थांब, फ्रीज बंद करतंय." फ्रीज बंद करून ती खाटेपाशी जायची, मशीनचा हिरवा दिवा बघायची आणि मग परवानगी द्यायची, "लाव आता." गॅसचं बटण दोनदा तपासतात तसं ते झालं होतं.

मी ठरवलं, नवा कॉम्प्युटर बांधायचा. देव्हाऱ्याखालच्या फळीवर डब्यांच्या रांगेत बसेल असा चपटा, आणि वीज कमी खाणारा. चपट्या पेटीत मोठा पंखा मावत नाही, त्यामुळे मुळातच थंड राहणारा प्रोसेसर लागतो. पासष्ट वॉटचा वेगवान, पण त्याच्यावर कामाचा जोर पडला की तो पासष्टावर थांबत नाही. पस्तीसवाला बेताने खातो आणि बेताने चालतो. त्याहून कमी खाणारे बहुतेक बोर्डाला चिकटूनच येतात, पुढे बदलायची सोय नाही. हे सगळं मला तोंडपाठ झालं. बाबांच्या तपासण्यांचे रिपोर्ट खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होते, ते मी एकदाही धड वाचले नाहीत.

एका मित्राला विचारलं तर तो हसला. "अरे, फरक तीस वॉटचा, म्हणजे एक बल्ब रे. बल्बने काय फ्यूज उडतो काय? जुन्यातलं ते वीज खाणारं ग्राफिक कार्ड काढून टाक ना, विषय संपला."

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मला त्याचा राग आला. तो बल्बही मला माझ्या घरात नको होता.

बाबांनी उभा जन्म हिंदमाता मार्केटातल्या एका साडीच्या दुकानात गाद्यांवर बसून साड्या उलगडण्यात घालवला होता. मी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून रिकाम्या हाताने परतलो की नाकातली नळी सारखी करत ते विचारायचे, "आजपण नाय घेतलंस?"

"बघतोय अजून."

"अशी गिरायकां मी लय बघलंय. सगळा दुकान उलगडूक लावतत आणि 'परत येतो' म्हणान जातत. येतत काय कधी?" एवढं बोलायला त्यांना मधे दोनदा थांबावं लागायचं. मग डोळे मिचकावून, साडीच्या गिऱ्हाइकाच्या सुरात, "तुझ्या त्या चिपाचो रंग तरी जाणा नाय मां?"

मी हसायचो. हसायचं असतं म्हणून हसायचो. आणि दुसऱ्या खेपेला दुकानदाराला पुन्हा म्हणायचो, "परत येतो."

बाबांना शेवटी हॉस्पिटलात न्यावं लागलं. खुर्चीत बसवून जिन्याने उतरवताना गॅलरीत सगळे जमले होते. मास्क बाजूला करून बाबा त्यांना म्हणाले, "येतो." घरातून निघताना तसंच म्हणतात. मी खुर्चीचा मागचा पाय धरला होता आणि पायरी चुकू नये एवढंच बघत होतो.

ते आले नाहीत.

कार्य आटोपल्यावर भाड्याचं मशीन माणसं येऊन घेऊन गेली. त्याच आठवड्यात मी लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदार मला आता ओळखत होता. "पैंसठवाला ले लो ना, फास्ट है. इतना कम पावर किसलिए चाहिए आपको?"

आता त्या खोलीत मी कितीही वॉटचा प्रोसेसर नेऊन लावू शकत होतो. मी पस्तीसचाच द्या म्हणालो. तेव्हाही मला काही वाटलं नाही, फक्त एकदाचं घेतल्यावर पिशवी हलकी लागली.

दुपारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मी नवा कॉम्प्युटर बांधला. काम सोपं होतं. चपटी पेटी फळीवर पोह्यांच्या डब्याशेजारी बरोबर बसली. आई भाजी निवडत होती. मी वायर लावली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," आई म्हणाली, "फ्रीज बंद करतंय."

तिने पदराला हात पुसले, फ्रीज बंद केला आणि खाटेपाशी गेली. मशीन जिथे असायचं तिथे वाकली. लादीवर त्याच्या चाकांचे डाग अजून होते. ती तशीच वाकून उभी राहिली, हिरवा दिवा शोधत असल्यासारखी. मला तिला सांगायचं होतं की आता गरज नाही, पण बटणाकडे नेलेला हात मी मागे घेतला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला बाबा हवेसे वाटले, इतके की छातीत दुखलं.

बऱ्याच वेळाने आई सरळ झाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाव आता."