राणीच्या हातावरची तुळस

जात्याचे चार-पाच फेरे झाले आणि कोपराखालचा रंग उतरू लागला. आधी मनगटापाशी एक हिरवी रेघ दिसली. मग ठिपके दिसले. मग अख्खे तुळशीवृंदावन वर आले.

“कट!” दिग्दर्शक म्हणाले. “मास्तर, तुमची तुळस पुन्हा उगवली.”

मास्तर म्हणजे मी. बोलपट नवे होते तेव्हाची ही गोष्ट. मी एका चित्रपट कंपनीत रंगभूषाकार होतो. त्याआधी नाटक कंपनीत तोंडे रंगवायचो, तिथली पदवी इथेही चिकटली. लोणावळ्यात एक बंगला घेऊन कंपनी राहिली होती. रोज सकाळी लॉरीने मळवलीच्या बाजूला जायचे, इंद्रायणीच्या काठी उभारलेल्या कुडाच्या आश्रमात शूटिंग करायचे आणि ऊन डोंगराआड जायच्या आत परतायचे.

चित्रपट पौराणिक होता. वनवासातली राणी आश्रमात दळते आणि ओवी गाते, असा प्रसंग होता. दिग्दर्शकांचा या प्रसंगावर फार जीव. पडदाभर नुसते हात दिसावेत, जाते फिरावे, पीठ झरावे, वर ओवीचा आवाज, असे त्यांनी ठरवले होते.

राणीचे काम करणाऱ्या कुमुदबाई गात उत्तम. पण त्यांचे बालपण शहरात, गिरणीच्या पिठावर गेले होते. खुंट्याला हात घातला की दगड अडखळे आणि त्याबरोबर सूरही अडखळे. म्हणून तोड निघाली. दूरचा शॉट आणि चेहरा कुमुदबाईंचा, क्लोज-अपमधले हात दुसऱ्या बाईचे. असे हात उसने घेणे आमच्या धंद्यात नवे नव्हते.

हे हात उस्मानभाईंनी आणले. उस्मानभाई लोणावळ्याचे व्यापारी. कंपनीला बैलगाड्या, कोळसा, कोंबड्या, जे लागेल ते पुरवत. त्यांनी मावळातल्या उर्से गावची चंद्रभागा आणली. तिशीच्या आतली, उंच, कमी बोलणारी. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. एक पाय पसरून ती जात्याला बसली, खुंटा धरला, आणि दगड असा फिरू लागला की साउंडवाल्याने कानाचे यंत्र काढून नुसते ऐकले.

पण दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. उजव्यावर तुळस, डाव्यावर लक्ष्मीची पावले. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हिरवे गोंदण काळेच दिसे. कुमुदबाईंचा हात कोरा. एका शॉटमध्ये कोरा आणि पुढच्यात गोंदलेला, असे चालत नाही. याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. मागच्या शॉटमध्ये जे होते, तेच पुढच्यात असले पाहिजे.

गोंदण झाकण्याची एक रीत होती. आधी तांबूस ग्रीसपेंट, म्हणजे चरबीत कालवलेला रंग. त्याने हिरवा मरतो. वर कातडीच्या रंगाचा थर. वर पावडर. बसलेल्या माणसाला हे दिवसभर टिकते. दळणाऱ्याला टिकत नाही. चंद्रभागेला घाम आला, रंग पाघळला, त्यावर पीठ बसले. हाताच्या जागी पुरणपोळीची तयारी दिसू लागली.

रंग पुसताना मला तुळशीचे एक पान अर्धे दिसले. उरलेल्या अर्ध्या जागी कातडी आक्रसून चकाकत होती.

“हे भाजलं का?” मी विचारले.

“बिब्बा लावलावता,” ती म्हणाली.

“गोंदणावर?”

“एका शेठच्या बंगल्यावर कामाला व्हते, भाऊ. शेठाणीचं पोर सांभाळायला. पावनं आलं की ती म्हनायची, ह्या हातानं पोराला भरवू नको, बरं दिसत न्हाई. लांब बाह्यांची चोळी शिवली. भांडी घासताना ती भिजायची. मग म्हनलं, जातंय का बघू.”

“आणि?”

“हात सुजला. पान अर्धं गेलं. कामबी गेलं.”

तिने हे हवापाण्याच्या बातमीसारखे सांगितले. मी पुन्हा तांबूस रंगाची कांडी उचलली.

दुसऱ्या रिटेकला तुळस लवकर आली. दिग्दर्शकांनी टोपी काढून डोके खाजवले. ते चिडले की असे करत.

“उस्मानभाई, दुसरी बाई आणा. कोऱ्या हातांची.”

“कुटनं आनू साहेब?” उस्मानभाई म्हणाले. “उर्शापासून सोमाटण्यापातूर हिंडा, तसंच शिरगावाला जावा. शेतकऱ्याच्या घरात गोंदल्याबिगर लेक-सून घावायची न्हाई. कोऱ्या हातचं पानी सासू पित न्हाई.”

“तुमच्यात गोंदत नाहीत ना?”

“न्हाईत. माझी बायको हिच्याइतकं बारीक दळती. पन ती कॅमेऱ्यापुढं यायची न्हाई. आनि मी तिला ‘चल’ म्हनायचा न्हाई. मला घरात ऱ्हायचंय.”

लाइटची माणसे हसली. लाइट म्हणजे तेव्हा ऊनच. चंदेरी कागद लावलेल्या फळ्यांनी ते वळवायचे. ती माणसे दिवसभर फळ्या धरून उभी असत, त्यामुळे त्यांना हसायला फारसे लागत नसे.

चंद्रभागा हसली नाही. तिने जात्याभोवतीचे पीठ सुपात भरायला घेतले.

“मंग मी जाऊ?” तिने विचारले. विचारले उस्मानभाईंना, पण दिग्दर्शकांना ऐकू जाईल असे. “दोनदा झालं ह्ये. हात काडून ठेवता आलं असतं तर ठेवलं असतं.”

नदीकडून वारा येत होता आणि फळ्यांचे कागद फडफडत होते.

“आपण प्रसंगच छोटा करू,” दिग्दर्शक म्हणाले. “दळण नको. राणी नुसती झाडाखाली बसेल.”

“आणि ओवी?” कुमुदबाईंनी विचारले. त्या सावलीत खुर्चीवर होत्या.

“दळण नसेल तर ओवी कशी राहील?”

कुमुदबाईंना अख्ख्या चित्रपटात मनासारखे गाणे एवढेच होते. त्या उठून उभ्या राहिल्या.

उस्मानभाईंनी वातावरण हलके करायला म्हटले, “त्यापरीस बाईसाहेबांनाच गोंदा की. एकाला दोन तुळशी व्हतील.”

पुन्हा हशा. कुमुदबाईंनी मात्र बांगड्या वर सारल्या आणि हात माझ्यापुढे केला.

“मास्तर, काढता येईल?”

“काढता येईल,” मी म्हणालो. नाटकात मी माणसांना दहा-दहा तोंडे काढली होती.

“राणीच्या हातावर गोंदण?” दिग्दर्शक म्हणाले. “लोक काय म्हणतील? राणी आहे ती.”

“राणी दळते, ते चालतं तुम्हाला. गोंदते, ते चालत नाही?” कुमुदबाई म्हणाल्या. “वनात राहिली आहे ती. तिथल्या बायकांनी गोंदलं असेल.”

दिग्दर्शकांनी सूर्याकडे पाहिले. आमच्या धंद्यातले बरेच निर्णय सूर्याकडे बघून होत. “करा,” ते म्हणाले.

एका खोक्यावर दोन हात शेजारी ठेवले. एक सावळा, खरबरीत. एक गोरा, मऊ. एकाकडे बघून मी दुसऱ्यावर ग्रीसपेंटच्या काळ्या पेन्सिलीने तुळस काढू लागलो. चंद्रभागा वाकून बघत होती.

“आमाला सुया टोचल्या तवा चौघींनी धरलंवतं,” ती म्हणाली. “ह्यास्नी नुसत्या गुदगुल्या.”

“तुम्ही रडलात?” कुमुदबाईंनी विचारले.

“लय. गोंदनारी म्हनली, रडू नको, मेल्यावर सोनं हितंच ऱ्हातं, ह्ये संगं येतं. मला तवा सोनंच हवं व्हतं.”

कुमुदबाई खळखळून हसल्या. तोवर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

कुमुदबाईंचे दोन्ही हात काढून झाले. मी कुंचले धुवायला नदीवर गेलो. परत आलो तेव्हा कुमुदबाईंचा हात पिवळाधमक होता आणि तुळशीच्या जागी काळा चिखल.

झाले होते ते असे. गोंदण झाले की वर तेल-हळद लावायची, म्हणजे आग शमते आणि रंग बसतो, ही मावळातली रीत. चंद्रभागेने स्वयंपाक्याकडून वाटी आणली, कुमुदबाईंचा हात मांडीवर घेतला आणि नीट चोळून लावली. ग्रीसपेंट तेलाने विरघळते. आम्ही रंग पुसायला तेलच वापरतो. कुमुदबाईंनाही हे माहीत होते. त्यांना त्या क्षणी सुचले नाही. त्या म्हणाल्या, “हात इतका थंड वाटला, मी डोळे मिटले होते.”

चंद्रभागेच्या हातात वाटी तशीच होती. चेहरा उतरला होता. “आता तर गेलंच माझं काम,” ती म्हणाली.

“कुठं जातंय,” कुमुदबाई म्हणाल्या. “मास्तर, पुन्हा काढा. आणि या वेळी न पुसणारं काढा.”

मी पाटी रंगवायची पक्की शाई काढली. दिग्दर्शक दूर उभे राहून टोपी काढत होते आणि घालत होते. अर्ध्या पानाशी आलो तेव्हा कुमुदबाई म्हणाल्या, “हे पान राहिलं.”

“त्यांच्या हातावर अर्धंच आहे,” मी म्हणालो. “जुळायला हवं.”

“अर्धं का?”

मी चंद्रभागेकडे पाहिले. चंद्रभागेने सांगितले. मला सांगितले होते तेवढेच, त्याच सुरात. कुमुदबाईंनी त्या चकाकत्या जागेवर बोट टेकवले आणि उचलले.

“माझं पुरं काढा,” त्या म्हणाल्या.

“मग जुळणार नाही.”

“मंग माझंबी पुरं करा की, भाऊ,” चंद्रभागा म्हणाली. “शाई हाय तवर.”

मी दोघींच्या हातांवर ते पान पुरे केले. तिच्या हातावर वेळ लागला. आक्रसलेल्या कातडीवर शाई नीट धरत नव्हती.

ऊन थोडेच उरले होते. जाते फिरले, पीठ झरले, घाम आला, तुळस जागची हलली नाही. दिग्दर्शक “कट” म्हणायला विसरले. रीळ संपल्यावर कॅमेरामनने सांगितले.

कुमुदबाईंचे शॉट पुढे आठवडाभर चालले, कारण मध्ये ढग आले. चंद्रभागेचे काम संपले होते, पण कुमुदबाईंनी तिला कपड्यालत्त्याच्या मदतीला ठेवून घेतले. शेवटच्या दिवशी मी स्पिरिटचा बोळा घेऊन दोघींना बसवले. कुमुदबाईंचा हात पुसला. तुळस, पावले, सगळे गेले. हात पुन्हा कोरा झाला. त्या तो बराच वेळ उलटसुलट करून बघत होत्या.

मग चंद्रभागेला म्हणालो, “तुमचं पान राहिलंय. आणा हात.”

मी बोळा फिरवला. पान तसेच. पुन्हा फिरवला.

“चोळू नका भाऊ,” ती म्हणाली. “ते जायचं न्हाई. तळेगावच्या बाजारात गोंदनारी बसती. तुमच्या शाईवरनंच टोचून घेतलं.”

चंद्रभागा कंपनीबरोबर पुण्याला गेली आणि कुमुदबाई काम करत होत्या तोवर त्यांच्याकडे राहिली. दिग्दर्शकांना वाटत होते तसे लोक हसले नाहीत. लोणावळ्याच्या बाजारामागे तंबूत तो चित्रपट लागला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. पडदाभर हात आले आणि कनातीपलीकडे बायकांच्या बाजूला एकजण म्हणाली, “अगं, ही तर चंद्रीची तुळस.” दुसरी म्हणाली, “गप. रानीची हाय.”

पुढे बरीच वर्षे मी रंगाच्या पेटीत पक्क्या शाईची बाटली बाळगली. गोंदण झाकायला तीन थर लागतात आणि तरी ते घामाने उतरतात. चितारायला एक कुंचला पुरतो.