साडूंचं ॲव्हरेज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पत्नी वारली. त्यानंतर मी घराबाहेर पडणं सोडलं, बोलणंही जवळजवळ सोडलं. तेरवीनंतरच्या पहिल्याच रविवारी साडू वाशीमकडच्या मालेगावहून नवी गाडी घेऊन दारात आले. म्हणाले, "साडूभाऊ, चाला. ॲव्हरेज पाहाले मानूस पायजे."

डिझेल वाचवण्यासाठी इतकं डिझेल जाळणारा माणूस साऱ्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल. साडू वांगी-मेथी पिकवतात, पण जीव त्या गाडीतल्या क्रूझ कंट्रोलवर. वेग ठरवून दिला की गाडी पुढच्या वाहनाचं अंतर पाहून आपणच हळू होते, आपणच वेग घेते. "मानसाचा पाय हावरा असते," ते सांगतात. "उगा दाबते, मंग ब्रेक मारते. डिझेल त्याच्यातच जाते." अंतर ते सगळ्यात लांबचं ठेवतात. त्या मोकळ्या जागेत जो तो घुसतो, आमची गाडी प्रत्येकाला अदबीनं वाट देते, आणि आपण उलटे घरी चाललो आहोत की काय असं मला वाटत राहतं. दर रविवारी माझं काम पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा वाचून दाखवण्याचं. जन्मभर पुस्तकं वाचलेल्याला एवढं जमायला हवं होतं. मी सुरुवातीचे काही रविवार एसीचं तापमान वाचत होतो. "चोवीस," मी म्हणायचो. "वा!" ते म्हणायचे.

एकदा कामरगावला त्यांच्या पुतण्याच्या साखरपुड्याला निघालो. समृद्धी महामार्गावर एक ट्रक भेटला. वेग जरा कमी नाही, जरा जास्त नाही. साडू त्याच्या मागे लागले.

"साडू, कारंजा गेलं. उतरायचं होतं."

"जाऊ द्या. असा ड्रायव्हर नशिबानं भेटते."

पुढच्या जिल्ह्यात एका पंपावर ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. ड्रायव्हर उतरून आमच्या खिडकीशी आला.

"काहून हो काका, मघापासून माह्या मागं मागं येऊन राह्यले? काय पायजे तुमाले?"

साडूंनी हात जोडले. "काई नाई, बापू. तुहा पाय लय चांगला हाये."

ड्रायव्हरनं आपल्या चपलेकडे पाहिलं. मी हसलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बराच वेळ थांबेना. साडूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा स्वतःच वाचला, मोठ्यानं, अगदी बरोबर.

साखरपुड्याला पोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या एकावर एक रचत होता.

घरी मी आता एकटा असतो. रविवारी नसतो.