आदर्श वाचन

अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठाचं टाचण काढताना एकेका शब्दाची धास्ती वाटायची. शिक्षक आधी स्वतः वाचून दाखवतो ते आदर्श वाचन. मुलं त्याच्यामागून मोठ्यानं वाचतात ते अनुवाचन. मी शिक्षकाचाच मुलगा, त्यामुळे हे शब्द मला घरूनच ठाऊक होते. माझा खोलीतला सोबती अंजनगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या घरात शाळेची पायरी चढलेला तो पहिलाच. त्यात हिवतापानं सुरुवातीचे तास बुडालेले. मुलगा गुरुजी होणार, हे वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

त्याच्या पहिल्या पाठाआधी मेसमध्ये जेवताना त्यानं मला विचारलं, "आदर्श वाचन म्हंजे वर्गातल्या आदर्श पोरानं वाचाचं ना बे?"

"मग काय आपण वाचायचं?" मी म्हणालो. चेहरा गंभीर ठेवून. बाकीचे ताटात बघत हसू दाबत होते. नंतर खोलीत सांगू, असं मनाशी म्हटलं आणि सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्या बाकावरच्या, वेण्या चापूनचोपून घातलेल्या मुलीला उभं केलं. तिनं धडा खणखणीत वाचला. तो कौतुकानं ऐकत राहिला. मागून पर्यवेक्षकांनी विचारलं, "गुरुजी, आदर्श वाचन कोण करतं?"

"आदर्श पोरगी, साहेब."

वर्ग हसला. मागच्या बाकांवर पाठ बघायला बसलेले आम्ही हसलो. मीही. त्या दिवसापासून तो जिन्यात दिसला की पोरं ओरडायची, "आदर्श आले, बाजू व्हा!" त्यानं हात वर करणं सोडलं, मग तासाला बसणं. दिवाळीच्या सुटीत गेला तो परत आलाच नाही.

पुढे मी अकोल्याला शिक्षक झालो. काही वर्षांनी तो कापसाच्या बाजारात भेटला. एका जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या कामावर होता, केसांत सरकी-रुई अडकलेली. ओढतच त्यानं मला हॉटेलात नेलं. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "एक विचारू का? तुले तवा मालूम होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही. मलाही तसंच वाटत होतं."

त्याचा चेहरा एकदम निवळला. "मंग बरं हाय गड्या. इतके दिवस मले वाटे, तू मुद्दाम केलं." आणि त्यानं माझ्यासाठी गरम आलुबोंडा मागवला. मी तो सगळा खाल्ला.