मावशी चालल्या तेवढी रेघ

माझा राग नाकावर असतो हे आमच्या प्लँटमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सोमवारच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या दरवाजांची लॉक जुळवतात. त्या लाइनची मी लीडर. आम्ही आठ बायका. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या मावशी आळंदीजवळच्या एका गावातून येतात आणि तिसऱ्या टेबलावर लॉकमध्ये स्प्रिंग बसवतात. मीटिंगमध्ये ठरलं, की लाइन मागे पडते ती मावशींमुळे, तेव्हा एक तारखेपासून त्यांना दुसऱ्या शेडमध्ये पॅकिंगला पाठवायचं. त्या शेडला कंपनीची बस जात नाही. म्हणजे मावशींनी घरी बसायचं, दुसरं काय!

ठरवणारे पाच जण प्लॅनिंगचे. आठवड्यातून दोन दिवस प्लँटवर येतात, बाकी दिवस घरून काम. त्यांचा एक डिजिटल बोर्ड आहे. शाळेतल्या फळ्यासारखाच, फक्त इंटरनेटवर. एकानं काही काढलं की सगळ्यांना आपापल्या घरी लगेच दिसतं. त्यावर आमच्या लाइनचा नकाशा होता आणि मावशींच्या चौकोनावर कुणीतरी पिवळी चिठ्ठी चिकटवली होती : 'ऑपरेटर ३ स्लो'.

नकाशात स्प्रिंगांचा रॅक मावशींच्या टेबलासमोर, दोन बोटांवर. मधे एक करडी पट्टी. ती पट्टी म्हणजे माल वाहणाऱ्या फोर्कलिफ्टची वाट, आणि ती मधूनच ओलांडायला आम्हाला सक्त मनाई. जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून पार टोकापर्यंत जायचं, तिथं ओलांडायचं, पलीकडून उलटं यायचं, क्रेट उचलायचा आणि तसंच सगळं परत. हे मी मागे दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय." खरंच तुटत असेल. पण खरं सांगते, मीसुद्धा मावशींचं ते जाणं-येणं रोज बघत होते आणि ते कधी हिशेबात धरलं नव्हतं.

गुरुवारी पुन्हा मीटिंग होती, पाचही जण आपापल्या घरून. मी आदल्या दिवशीच क्वालिटीवाल्यांचा टॅब मागून ठेवला होता. सकाळी त्यावर बोर्ड उघडला, मीटिंग कानात लावली आणि मावशींच्या मागे निघाले. त्या जिथून जातील तिथून नकाशावर बोटानं लाल रेघ ओढायची, एवढंच काम.

"माझ्या मागं मागं काय फिरतीस गं?"

"तुम्ही चाला हो मावशी, माझ्याकडे बघू नका."

एक क्रेट, दुसरा क्रेट, तिसरा. चहाची सुट्टी व्हायच्या आत नकाशाच्या त्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा गुंता झाल्यासारखं दिसायला लागलं. खालचे चौकोनसुद्धा धड दिसेनात. तेवढ्यात कानात प्लॅनिंगच्या मॅनेजरांचा आवाज आला, "अरे, कुणाचं पोर बसलंय बोर्डवर? गिरगटून ठेवलंय सगळं." हशा पिकला. एक जण म्हणाला, माझं शाळेत गेलंय. दुसरी म्हणाली, माझं झोपलंय.

माझं डोकं फिरलं. मी कानातलं काढून स्पीकर आणि माइक दोन्ही चालू केले. मॅनेजरांनी पुन्हा विचारलं, "कुणाचं पोर आहे हे?"

मावशी क्रेट हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"पोर न्हाई सायेब," त्या म्हणाल्या, "मी चालतीया. सकाळधरनं."

मागून फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजला. बोर्डवरून कुणीतरी ती पिवळी चिठ्ठी काढून टाकली, ती जाताना मी डोळ्यांनी पाहिली.

"रोज एवढं चालता?" मॅनेजरांनी विचारलं.

"रोजच की."

माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, रॅक कुठे हवा ते त्यांनाच दाखवू द्या."

मला तिथंच नाचावंसं वाटलं. मी टॅब मावशींपुढे धरला आणि रॅकवर बोट ठेवून ओढायला सांगितलं. मावशींनी हातमोजा काढला, बोट एप्रनला पुसलं आणि रॅक उचलून आणावा तसा करड्या पट्टीवरून अलीकडे आणला. आपल्या टेबलाच्या डाव्या हाताला, रिकाम्या पेट्यांच्या जागी ठेवला. "हितं," म्हणाल्या. बोर्डवर पाच जणांचे पाच बाण फिरत होते, पण त्या चौकोनाला कुणी हात लावला नाही.

शनिवारी खराखुरा रॅक तिथं आला. बदली रद्द झाल्याचं मॅनेजरांनी स्वतः येऊन मावशींना सांगितलं. सोमवारी शिफ्ट सुरू होऊन तास झाला असेल नसेल, चौथ्या टेबलावरच्या मुलीपुढे लॉकचा ढीग साचला आणि ती सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशी ओरडली, "मावशी, जरा दमानं घ्या की हो!"