फादर बोनिफासची जांभळी पायपिंग

इतवारीतल्या रुपरावांच्या दुकानावर 'शालेय गणवेश' असं लिहिलंय खरं, पण त्यांचा हात बसलाय तो फादर लोकांच्या काळ्या झग्यांवर. गळ्यापासून पायापर्यंत तेहतीस बटणं, आणि त्यातलं एकही वाकडं नाही. तीस वर्षं हेच.

फादर बोनिफासनी पासष्टी ओलांडली आणि त्यांना मानाचे डोहाळे लागले. मॉन्सिन्योर! पोपकडून मिळणारी पदवी. तिच्यानं काम वाढत नाही, अधिकारही वाढत नाही. वाढते ती झग्याच्या कडेची जांभळी पायपिंग, कमरेचा जांभळा पट्टा आणि ऐट. बिशपनी आपलं नाव रोमला पाठवलंय, एवढं कानावर आलं आणि स्वारी माप द्यायला हजर.

"पत्र आलं का, फादर?" रुपरावांनी विचारलं.

"येऊनच राहिलं. तू शिवून ठेव."

"पत्र पाहिल्याशिवाय जांभळा धागा सुईत जात नाही जी माझ्या."

हा नियम उगाच नव्हता. पूर्वी असंच एका फादरांनी घाई केली होती. पत्र काही आलं नाही, आणि चर्चच्या सणाच्या सकाळी रुपरावांना ती पायपिंग उसवावी लागली. धागा निघाला, पण काळ्या कापडावर टाक्यांची भोकं तशीच राहिली. मरेपर्यंत तो बिचारा ती भोकं अंगावर घेऊन वेदीपुढे उभा राहत होता.

"काहून भाव खाऊन राहिला गा?" फादर बोनिफास हसले, पण डोळे हसत नव्हते. "शाळेचे गणवेश तुलेच देतो ना दरवर्षी? शाळेचा मॅनेजर मीच आहे, विसरू नको."

दुकान चालायचं ते त्या गणवेशांवरच. फादर गेल्यावर आतून रुपरावांच्या पत्नी चारुशीलाबाई बाहेर आल्या. "टाकून द्या न चार टाके. आपलं काय जाते?"

"उद्या त्याले पोप व्हायचं स्वप्न पडलं, तर पांढरा झगा शिवू का वं?"

त्यांनी झगा काळाच शिवून पाठवला. जूनमध्ये शाळेचे गणवेश सीताबर्डीच्या एका दुकानाकडे गेले. रुपरावांनी एक मशीन विकली. चारुशीलाबाई आठ दिवस धड बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर फादर बोनिफास पुन्हा आले. या खेपेला पत्र होतं! प्लास्टिकच्या फायलीत घालून, छातीशी धरून आणलेलं. रुपरावांना लॅटिन कुठलं यायला! त्यांनी नाव शोधलं, शिक्का पाहिला आणि पत्र परत दिलं. मग जांभळ्या धाग्याचं रीळ काढून मशीनवर ठेवलं.

"पाहिलं? आता तरी मॉन्सिन्योर म्हण," फादर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पुढच्या वर्षीचे गणवेश अजून कोणाले दिले नाही मी. तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे फक्त."

चारुशीलाबाई पडद्याआड श्वास रोखून उभ्या होत्या.

रुपरावांनी त्या माणसाला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. रोमहून पत्र आलेला हा गृहस्थ इतवारीतल्या शिंप्याच्या तोंडून एक शब्द मिळावा म्हणून ताटकळत उभा होता. त्यांनी गळ्यातला टेप काढला.

"हात वर करा, फादर. पोट वाढलं तुमचं."