प्रसंगबाईचा राखाडी डगला

वारं सुटलं होतं. पाऊस नाही, धड ऊन नाही, नुसतं कोरडं वारं. गच्चीवर वाळत घातलेला एकेक शर्ट बाह्या वर करून भांडायला उठल्यासारखा दिसत होता. प्रसंगबाई तोंडात दोन चिमटे धरून एका चादरीशी झटापट करत होती. चिमट्यांची टोपली वाऱ्यानं पार कोपऱ्यात लोळवलेली, आणि अंगातल्या गाऊनला खिसा नाही. एका टोकाला चिमटा लावावा तर दुसरं टोक तोंडावर येऊन फटकन बसायचं. शेवटी तिनं चादरीला एक सणसणीत शिवी घातली. तोंडात चिमटे असल्यामुळे ती अर्धीच बाहेर पडली.

"काय हो," शेजारच्या गच्चीवरून शेजारीण खिदळली, "या चादरीला कुठला प्रसंग?"

प्रसंगबाईनं तोंडातले चिमटे काढले. "तुमचं तोंड झाकायला."

गल्लीनं तिला हे नाव दिलं त्याला बरीच वर्षं झाली. टीव्हीवर दिवसभर खरेदीच चालते अशा एका वाहिनीवर ती कपडे विकायची. कपडा कसलाही असो, तो कधी घालायचा हे तिच्या जिभेवर तयार. पिवळा टॉप? मैत्रिणीच्या नव्या घरी जाताना. काळी पँट? बढतीच्या दिवशी, साहेबाच्या खोलीत शिरताना. जांभळी शाल? गाडीच्या खिडकीशी बसून, हातात कॉफीचा कप घेऊन. भले तुम्ही वर्षानुवर्षं कुठल्या गाडीत बसला नसाल. बायकांना कपडे कमी नसतात, जायला ठिकाणं कमी असतात, हे तिनं कधीच ओळखलं होतं. म्हणून ती आधी ठिकाण विकायची. कपडा शेपटासारखा मागून जायचा.

ही विद्या आईची. आई गाठोडं पाठीवर टाकून दारोदार कपडे विकायची. उंबऱ्यात टेकायची, घोटभर पाणी मागायची, आणि गाठ सोडायच्या आधी विचारायची, "काय बाई, कुठं जायचं ठरलंय का?" मग बाई बोलायची. भाऊ अंथरुणाला खिळलाय, जावेनं बोलावलंय, नवरा महिनाभर बोलत नाही. आई ते ऐकून नेमका कपडा काढायची. पण या घरचं त्या घरी कधी नेलं नाही. "गाठोडं उघडावं, घर उघडू नये," असं म्हणायची. धाकट्या लेकीला हे वाक्य पाठ होतं. थोरलीच्या, म्हणजे प्रसंगबाईच्या, लक्षात गाठोडं तेवढं राहिलं.

ही धाकटी आता आपल्या लेकीला घेऊन थोरलीच्या दोन खोल्यांत राहत होती. एका दातांच्या डॉक्टरकडे ती पेशंटचे नंबर लावायची, फिकट निळा युनिफॉर्म घालून. नवऱ्याचं घर सोडलं होतं, आणि नवऱ्यानं पोरगी मागितली होती. पोरगी कुणाकडे राहणार, हे गुरुवारी कोर्टात ठरायचं होतं.

प्रसंगबाई गच्चीवरून खाली आली तेव्हा धाकटी कपाट उघडून उभी होती. एकेक हँगर पुढे ओढत होती, मागे ढकलत होती.

"ताई, काय घालू गं त्या दिवशी? बरं घातलं तर म्हणतील, बाईचं मजेत चाललंय. साधं घातलं तर म्हणतील, हिचेच हाल, ही पोरीला काय सांभाळणार. आणि काळं घातलं तर म्हणतील नाटक करते."

"मी बघते. माझं कामच आहे ते."

"तुझं काम नाहीये हे. माझी पोरगी आहे ती." धाकटीनं कपाट लावून घेतलं. "आणि हे कुठं बोलायचं नाही, सांगून ठेवते. माझी नणंद दिवसभर तुझीच वाहिनी लावून बसते. तू दिसलीस की आवाज मोठा करते. शिव्या घालायला."

"घालू दे. बघते ना? एक बघणारी वाढली."

"ताई."

"अगं हो, नाही बोलणार. जा, उशीर होतोय तुला."

वाहिनीची इमारत बाहेरून गोदामासारखी होती आणि आतून गोदामच होती. एका कोपऱ्यात खोटी खिडकी, खोट्या खिडकीत खोटं झाड. त्या खिडकीसमोर उभं राहायचं आणि हसायचं. हसण्याचे नियम होते. वाहिनीच्या मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, "आपल्याकडे कुणी मरत नाही, कुणी आजारी पडत नाही, कुणी भांडत नाही." फक्त आनंदाचे प्रसंग. एवढी वर्षं तेच ते वाटून वाटून आनंदाचा पार चोथा झाला होता.

त्यात त्या दिवशी आला तो राखाडी डगला. गुडघ्यापर्यंत लांब, पुढून बटणं, दोन्हीकडे खिसे. कागदावर रंगाचं नाव 'चांदणधुकं'. खरा रंग भांडी विसळलेल्या पाण्याचा.

प्रसंगबाईनं बढती दिली. शाळेच्या मैत्रिणींचं संमेलन दिलं. विमानतळावर कुणाला तरी आणायला जाणं दिलं. समोरच्या पडद्यावरचा विक्रीचा आकडा मेल्यासारखा पडून होता. शेजारी साखऱ्या उभा होता. हा तिच्या जोडीला विकणारा. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात, आणि आतून पक्का विंचू. तिची तीन वाक्यं रिकामी जाताच तो कॅमेऱ्याकडे बघून लाडिक हसला.

"ताईंना आज प्रसंगच सुचत नाहीये बरं का! वय होतं हो माणसाचं."

आणि तिच्या कानात कानातला कडाडला. कानातला म्हणजे आत काचेमागे बसून यंत्रातून हुकूम सोडणारा माणूस. त्याचं तोंड तिनं क्वचितच पाहिलं होतं, तो तिच्या लेखी नुसता आवाज होता.

"बाई, प्रसंग दे! प्रसंग! नाहीतर यापुढचे सगळे कपडे साखऱ्याला देतो."

प्रसंगबाईनं डगला हँगरवरून काढला आणि स्वतःच्या अंगात चढवला. हसणं पुसलं.

"आज मी तुम्हाला आनंदाचं काही सांगणार नाही," ती म्हणाली. "एक दिवस असा येतो, की तुम्हाला कोर्टात उभं राहायचं असतं. समोर नवरा. त्याच्या शेजारी त्याची बहीण. आणि मागायची असते तुमची स्वतःची मुलगी. नटून गेलात तर म्हणतील, हिचं मजेत चाललंय. साधं घातलंत तर म्हणतील, हिचेच हाल, ही काय सांभाळणार. त्या दिवशी हा घाला. हा काहीच बोलत नाही. आणि हे खिसे बघा केवढे आहेत. हात थरथरायला लागले की आत घालायचे. कुणाला कळत नाही."

साखऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. कानातला हळूच म्हणाला, "चालू ठेव."

पडद्यावरचा आकडा हलला होता. हलला कसला, धावत सुटला होता. आणि धावणारा आकडा पाहिला की प्रसंगबाईच्या जिभेला लगाम राहत नसे.

"मला कसं माहीत, विचाराल," ती म्हणाली. "माझ्याच घरात आहे अशी एक. गुरुवारी जायचंय तिला."

डगले संपले. सगळ्या मापांचे. बायकांचे फोन थांबेनात. एक तर नुसतीच रडत होती. कानातला चक्क काचेबाहेर येऊन तिच्याकडे बघून गेला. प्रसंगबाईनं गोदामवाल्याला सांगितलं, "एक माझ्यासाठी बाजूला काढ. बहिणीला हवाय."

"तुम्हीच विकले सगळे," तो म्हणाला. "आता पुढच्या खेपेला. पार्सलनं येईल घरी."

ती घरी आली तेव्हा धाकटी युनिफॉर्म न बदलताच बसली होती. पोरगी आतल्या खोलीत. दार लावलेलं.

"नणंदेचा फोन आला होता," धाकटी म्हणाली. "विचारत होती, खिसे पुरेसे मोठे आहेत ना गं?"

प्रसंगबाईनं पर्स खुंटीला अडकवली. "तुझं नाव घेतलं का मी?"

"घरात आहोत किती? तू, मी आणि पोरगी. पोरगी तिसरीत आहे." धाकटीचा आवाज चढत नव्हता, तेच वाईट होतं. "आमच्या दवाखान्यात टीव्ही असतो, माहितीये ना तुला? रांगेत बसलेली माणसं एकदा तुझ्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. नाक सारखं आहे आपलं."

"अगं, बायका रडत होत्या फोनवर. म्हणाल्या, पहिल्यांदा कुणीतरी आमचं बोललं."

"मग त्यांचं बोल ना! माझं कशाला? सकाळी कपाटापाशी मी जे बोलले, ते शब्दाला शब्द विकलंस तू. आई म्हणायची, गाठोडं उघडावं—"

"आईचं मला सांगू नकोस. आईचं गाठोडं मी उचललंय. तू काय उचललंस?"

"तिचं गप्प बसणं," धाकटी म्हणाली, आणि आत जाऊन तिनं कडी लावली.

गुरुवारपर्यंत दोघी एकाच गॅसवर वेगवेगळा चहा करत होत्या. 'तू येऊ नकोस' असं धाकटीनं पोरीकरवी सांगितलं. तरी प्रसंगबाई गेली आणि कोर्टाच्या खोलीत अगदी मागच्या बाकावर बसली. पुढे नवरा, त्याची बहीण. बहिणीनं मागे वळून पाहिलं आणि ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली.

नवऱ्याचा वकील उठला. टीव्हीवरचा तो भाग त्यानं मोबाईलवर आणलाच होता. प्रसंगबाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला, डबीत कोंडल्यासारखा. हात थरथरायला लागले की आत घालायचे.

"ऐकलंत?" वकील म्हणाला. "काय घालायचं, हात कुठे ठेवायचे, सगळं पढवलेलं. सुनावणी व्हायच्या आधीच हिच्या बहिणीनं ती विकून टाकली. उद्या मुलीलाही विकतील."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. ती फिकट निळ्या युनिफॉर्ममध्ये उभी होती. बाहीवर औषधाचा पिवळा डाग.

"टीव्हीवरचा तो कपडा हाच का?"

"नाही. हा माझा कामाचा आहे. इथून तसंच कामावर जायचंय."

तिचे हात थरथरत होते. युनिफॉर्मला खिसे नव्हते. तिनं ते लपवले नाहीत. पुढच्या कठड्यावर ठेवले, तिथं ते सगळ्यांना दिसत थरथरत राहिले.

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ कागद वाचले. मग सांगितलं, पुढची तारीख होईपर्यंत मुलगी आईकडेच राहील. "पण एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "मुलीच्या घरातलं काहीही पुन्हा टीव्हीवर आलं, तर मला वेगळा विचार करावा लागेल."

बाहेर व्हरांड्यात धाकटी झपझप चालली होती. प्रसंगबाईनं तिला गाठलं.

"जिंकलीस की."

"आम्ही या आठवड्यात खोली बदलतोय. दवाखान्यातल्या एकीकडे जागा आहे."

"अगं पण का? मी आता नाही बोलणार. शपथ."

धाकटी थांबली. "बोलशील, ताई. आज नाही बोलणार. ज्या दिवशी कपडा खपत नसेल, त्या दिवशी बोलशील."

प्रसंगबाईनं उत्तरासाठी तोंड उघडलं. एरवी ते उघडलं की काहीतरी बाहेर पडायचंच. पण आत, वकील बोलत असताना, धाकटीच्या त्या निळ्या युनिफॉर्मकडे बघून तिच्या मनात एक ओळ जुळून आली होती: 'ज्या दिवशी फक्त खरं बोलायचंय, त्या दिवसासाठी फिकट निळा.' चांगली ओळ होती. खपली असती. तिनं तोंड मिटलं.

"पोरीचे मोजे तुझ्या गच्चीवर राहिलेत," धाकटी जाता जाता म्हणाली. "ते पाठवून दे."

वाहिनीवर नवा कार्यक्रम सुरू झाला, 'कठीण दिवसांचे कपडे'. मोठ्या साहेबांचा नियम कानातल्यानंच मोडून घेतला; आता वाहिनीवर माणसं मरू लागली, आजारी पडू लागली. प्रसंगबाई नाही म्हणाली नाही. दवाखान्यात रात्र काढायला, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, घरमालकानं घर रिकामं करायला सांगितलं त्या दिवशी, असे कपडे ती विकू लागली. घरातलं मात्र काढत नव्हती. साखऱ्याला वास लागला होता. एकदा चालू कार्यक्रमात तो मान वाकडी करून म्हणाला, "ताई, आणि बहीण घर सोडून जाते त्या दिवशी हो?"

तिनं हातातली शाल नीट घडी घालून टेबलावर ठेवली.

"त्या दिवशी अंगावर असतात तेच कपडे असतात," ती म्हणाली. "पुढचा कपडा दाखवा."

पार्सल आलं ते असंच एका सकाळी, पुन्हा वारं सुटलेलं असताना. प्रसंगबाईनं ते दातांनी फोडलं. राखाडी डगला. धाकटीच्या मापाचा, थोरलीला दंडात जरा घट्ट. गच्चीवर गारठा होता, म्हणून तिनं तो गाऊनवरच चढवला आणि बादली घेऊन वर गेली.

कपडे थोडेच होते आता. तिचे दोन, एक टॉवेल, आणि पाठवायचे राहून गेलेले ते मोजे, दुसऱ्यांदा धुतलेले. टोपली उडू नये म्हणून तिनं सगळे चिमटे खिशांत भरले.

"काय हो," शेजारीण पलीकडून ओरडली, "या डगल्याला कुठला प्रसंग?"

प्रसंगबाईचं तोंड आज मोकळं होतं. तरी ती काही बोलली नाही. खिशात हात घातला. चिमटे मावून वर हाताला जागा उरत होती. खिशांचं तेवढं ती खरं बोलली होती. तिनं एक मोजा झटकला, दोरीवर टाकला आणि चिमटा लावला.